भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निवड चाचणीच्या आधी की नंतर?

लालबागहून एका मुलीचं पत्र आलंय. तिच्याच शब्दांत थोडक्यात देते:

"ताई नमस्कार. माझा लहान भाऊ 17 वर्षांचा आहे, बारावीला आहे, आमच्या इथल्या मंडळाकडून कबड्डी खेळतो, चढाईपटू आहे. गेल्या दिवाळीनंतर एका मॅचमध्ये मॅटवर पाय रोवून वळताना उजवा गुडघा पिरगळला, दोन दिवस खूप सुजला, मग सूज उतरली. तो नी-कॅप घालून आणि गोळ्या खाऊन खेळत राहिला, घरी कुणाला बोलला नाही. आता प्रॅक्टिस झाली की गुडघा सुजून भरतो, जिना उतरताना आत काहीतरी अडकल्यासारखं होतं. एमआरआयमध्ये आलंय की मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या टोकावर कार्टिलेजला पूर्ण जाडीचा खड्डा आहे, 1.5 बाय 1.2 सेंटिमीटर, लिगामेंट आणि मेनिस्कस चांगले आहेत. एक सर्जन म्हणाले दुर्बिणीतून हाडाला बारीक भोकं पाडू, चार-पाच महिन्यांत खेळेल. दुसरे म्हणाले त्याच्याच गुडघ्यातला तुकडा काढून खड्ड्यात बसवू. कोच म्हणतात ऑपरेशनच्या फंदात पडू नका, पीआरपीची इंजेक्शनं घ्या, डिसेंबरची निवड चाचणी खेळू दे, मग बघू. भाऊ म्हणतो पंत परत आला, विनेश परत आली, मला काय होतंय. बाबा रिटायर झालेत, निर्णय माझ्यावर आलाय. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, संडास कॉमन. काय करू?"

अगं, आधी डिसेंबरचं बोलूया कारण बाकी सगळं तिथेच अडलंय. निवड चाचणी खेळू देऊ नकोस. ऑपरेशन कुठलं करायचं, कुणाकडे करायचं यावर दहा मतं असतील, पण पूर्ण जाडीचा खड्डा असलेल्या आणि खेळल्यावर भरणाऱ्या गुडघ्यावर गोळ्या खाऊन चढाया करायच्या की नाही यावर माझं एकच मत आहे आणि दोन्ही सर्जननी तुला तेच सांगितलं असेल. आणि हे बघ, कबड्डीचा कुमार गट 20 वर्षांपर्यंत असतो, तो आत्ता 17 चा आहे. म्हणजे हे एक वर्ष गेलं तरी पुढची दोन-तीन वर्षं कुमार गटातच त्याच्या हातात आहेत, आणि नंतर वरचा गट आहेच. हे त्याला कुणी शांतपणे बसवून सांगितलंय का? या वयाच्या मुलांना वाटतं की हीच चाचणी शेवटची, कोचही नकळत तसंच बोलतात आणि मग मुलं दुखणं लपवतात. तुझा भाऊ आठ महिने घरी काही बोलला नाही त्याचं कारण बहुतेक हेच असेल, म्हणून त्याच्यावर ओरडू नकोस.

आता गुडघ्यात नेमकं झालंय काय ते. आपल्याकडे सगळ्यालाच 'गादी गेली' म्हणतात त्यामुळे घोळ होतो. मेनिस्कस वेगळा, तो दोन हाडांच्या मधे चंद्रकोरीसारखा बसलेला असतो, आणि तुझ्या भावाचा तो चांगला आहे. त्याचं बिघडलंय ते हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत पांढरं अस्तर, आर्टिक्युलर कार्टिलेज. हे अस्तर गुडघ्यात बऱ्याच ठिकाणी जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड असतं, आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात, नसाही नसतात. नसा नाहीत म्हणून सुरुवातीला फार दुखत नाही, मुलगा खेळत राहतो, दुखायला लागतं ते खालचं हाड आणि आतलं आवरण चिडल्यावर. आणि रक्त पोचत नाही म्हणून ते स्वतःहून भरत नाही, बोट कापल्यावर जशी खपली धरते तसं इथे काहीच होत नाही. विल्यम हंटर नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत 1743 मध्येच हे लिहून ठेवलंय की कार्टिलेज एकदा नष्ट झालं की परत भरून येत नाही, आणि पुढची दोनशेपेक्षा जास्त वर्षं डॉक्टरांच्या हातात त्यावर फारसं काही नव्हतं. आज जी ऑपरेशनं होतात ती बहुतेक गेल्या चाळीसेक वर्षांतली आहेत.

म्हणूनच पंत आणि विनेशचं उदाहरण इथे लागू पडत नाही. ऋषभ पंतचा अपघात 30 डिसेंबर 2022 चा, ऑपरेशन इथे मुंबईतच जानेवारी 2023 मध्ये झालं, ते लिगामेंटचं होतं, आणि तो मैदानात परतला मार्च 2024 मध्ये. कुस्तीपटू विनेश फोगाटचंही ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईतच झालं, तेही लिगामेंटचं, एसीएलचं. लिगामेंटच्या जागी नवा दोर लावता येतो आणि शरीर त्याला हळूहळू आपलंसं करतं, कार्टिलेजचं गणित वेगळं आहे. भावाला एक गोष्ट मात्र नक्की दाखव, की पंतसारख्या माणसालाही, ज्याच्यामागे अख्खं बोर्ड उभं होतं, परत यायला वर्षाच्या वर लागलं. आणि कार्टिलेजचंच उदाहरण हवं असेल तर सायना नेहवाल. तिने 2024 मध्ये स्वतःच सांगितलं की गुडघ्यात संधिवात आहे, कार्टिलेज खराब झालंय, आठ-नऊ तास ट्रेनिंग करणं आता जमत नाही. हे त्याला घाबरवायला सांगू नकोस, पण दुखणाऱ्या गुडघ्यावर वर्षानुवर्षं खेळलं की त्याची किंमत शरीर कधीतरी मागतं, हे त्याला कळायला हवं.

चाचणी खेळलाच तर काय होईल असं तू विचारशील. कदाचित काहीच दिसणार नाही, सिलेक्टही होईल. पण अशा खड्ड्याच्या कडा सुट्या असतात, प्रत्येक वळणाला त्या थोड्या थोड्या उचकटतात, आज 1.8 चौरस सेंटिमीटरचा असलेला खड्डा 3 चा झाला तर आज जे ऑपरेशन शक्य आहे ते उद्या शक्य राहत नाही. खड्ड्याची कडा समोरच्या नडगीच्या हाडाच्या अस्तरालाही घासत राहते. आणि एखादा तुकडा सुटून आत फिरायला लागला तर गुडघा अचानक लॉक होतो, वाकलेला सरळ होत नाही. तसं झालं ना तर मग तारखा वगैरे बघू नकोस, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे ने.

पीआरपीचं सांगते. कोचवर राग धरू नकोस, त्यांनी दोन-चार मुलांना फायदा झालेला बघितला असेल. पीआरपी म्हणजे त्याचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग गुडघ्यात टोचायचा. वयस्कर माणसांच्या झिजलेल्या गुडघ्यात काही जणांना दुखणं कमी होतं हे खरं आहे, सगळ्यांना होत नाही. पण पूर्ण जाडीचा, कडा असलेला खड्डा इंजेक्शनने भरून येत नाही. दुखणं कमी होईल आणि तो जास्त जोरात खेळेल, हेच मला यातलं सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आता दोन सर्जन दोन गोष्टी का सांगतायत ते. दोघंही चुकीचं सांगत नाहीयेत.

पहिले म्हणाले ते मायक्रोफ्रॅक्चर. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन नावाच्या सर्जननी 1980 च्या दशकात ही पद्धत रूढ केली. दुर्बिणीतून खड्डा साफ करतात, सुट्या कडा काढून टाकतात, मग खालच्या हाडाला तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने बारीक भोकं पाडतात, त्यातून हाडाच्या आतला मगज आणि रक्त वर येतं, गुठळी बसते आणि काही महिन्यांत तिथे नवं अस्तर तयार होतं. एकाच ऑपरेशनमध्ये होतं, छोटे छेद, खर्च त्यातल्या त्यात कमी. पण जे अस्तर तयार होतं ते मूळ जातीचं नसतं, ते फायब्रोकार्टिलेज, थोडं चिवट तंतूंचं, मूळच्या मानाने कमी टिकाऊ. पहिली दीड-दोन वर्षं बरं चालतं आणि नंतर जोराचा खेळ असेल तर अनेकांचं पुन्हा उतरायला लागतं. अजून एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही, मायक्रोफ्रॅक्चरने खालच्या हाडाची रचना बदलते, आणि पुढे कधी पेशी वाढवून लावायचं ऑपरेशन करायची वेळ आली तर ते फेल व्हायचं प्रमाण वाढतं. 2009 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी आपल्या पेशंटचा अभ्यास छापला त्यात हे प्रमाण सुमारे तिप्पट निघालं, 8 टक्क्यांच्या जागी 26 टक्के. म्हणजे 'आधी साधं करून बघू, नाही जमलं तर मोठं करू' हे ऐकायला सोपं वाटतं पण तितकं फुकट नाहीये.

दुसरे म्हणाले ते ओट्स, काही जण मोझॅकप्लास्टी म्हणतात, हंगेरीच्या लास्लो हँगोडी यांनी 1990 च्या दशकात ते पुढे आणलं. कलिंगडवाला लालपणा दाखवायला कसा एक तुकडा कापून बाहेर काढतो आणि परत तिथे बसवतो, तसं त्याच गुडघ्यातल्या, ज्यावर फारसा भार येत नाही अशा जागेतून, हाडासकट कार्टिलेजचा दंडगोल काढतात आणि खड्ड्याच्या जागी तेवढंच भोक करून त्यात घट्ट बसवतात. इथे जे बसतं ते खरं कार्टिलेज असतं, खाली हाड हाडाला काही आठवड्यांत जुळतं. तोटाही आहे, जिथून काढलं तिथे काहींना दुखतं, आणि काढायला जागा मर्यादित असते म्हणून फार मोठ्या खड्ड्याला हे जमत नाही. तुकडा आजूबाजूच्या पातळीला नीट मिळाला पाहिजे, वर राहिला तर टोचतो, त्यामुळे हे ऑपरेशन ज्याच्या हाताला सवय आहे त्याच्याकडेच करावं.

तरुण खेळाडूंवर या दोघांची सरळ तुलना लिथुएनियात झाली होती, 2005 मध्ये छापून आली, 60 खेळाडू, सरासरी वय चोवीसच्या आसपास. ओट्स केलेल्यांपैकी 93 टक्के आधीच्या पातळीवर खेळायला परतले, मायक्रोफ्रॅक्चरवाल्यांपैकी 52 टक्के. पुढे 2017 मध्ये जगभरातले 44 अभ्यास एकत्र करून अडीच हजारांवर पेशंटचा हिशोब मांडला गेला त्यातही तसंच चित्र आहे, ओट्स 93 टक्के, पेशी वाढवून लावलेलं 82 टक्के, मायक्रोफ्रॅक्चर 58 टक्के. हे आकडे वाचताना एक लक्षात ठेव, ओट्स मुळातच लहान खड्ड्यांना करतात म्हणून त्याचे आकडे चांगले दिसायला मदत होते. पण तुझ्या भावाचा खड्डाही लहानच आहे ना. म्हणून मला विचारशील तर, 17 वर्षांचा, कबड्डीसारखा वळणं आणि धक्के असलेला खेळ, दोन चौरस सेंटिमीटरच्या आतला खड्डा, बाकी गुडघा चांगला, असं असताना माझा कल दुसऱ्या सर्जनच्या सल्ल्याकडे आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, मी त्याचा गुडघा तपासलेला नाही, त्यामुळे हा कल आहे, आदेश समजू नकोस. पहिल्या सर्जनकडे परत जाऊन सरळ विचार की तुम्ही ओट्स का सुचवलं नाही. कारण असू शकतं, खड्ड्याची जागा अवघड असेल, कदाचित एमआरआयमध्ये त्यांना काही दिसलं असेल. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

पेशी वाढवून लावायच्या ऑपरेशनचंही कानावर आलं असेल म्हणून सांगते. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये 1987 मध्ये पहिल्या पेशंटवर केलं, 1994 मध्ये जगाला कळलं. पहिल्या ऑपरेशनमध्ये थोडं कार्टिलेज काढायचं, लॅबमध्ये काही आठवडे पेशी वाढवायच्या, मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात लावायच्या. मोठ्या खड्ड्यांसाठी ते चांगलं, पण दोन ऑपरेशनं, खर्च मोठा, आणि मैदानात परतायला साधारण वर्ष. याच्या आकाराला पहिल्या फटक्यात त्याची गरज वाटत नाही. नॉर्वेत 80 पेशंटवर पेशी विरुद्ध मायक्रोफ्रॅक्चर अशी तुलना केली, पंधरा वर्षांनीही दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही आणि एक्स-रेमध्ये दोन्हीकडे बऱ्याच जणांना संधिवाताची सुरुवात दिसली. म्हणजे यातलं कुठलंही ऑपरेशन गुडघा कोरा करकरीत करून देत नाही हे घरात सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं बरं.

ऑपरेशन ठरवण्याआधी एक तपासणी झालीच पाहिजे, जी तुझ्या पत्रात कुठे दिसली नाही. दोन्ही पायांवर उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे, स्कॅनोग्राम म्हणतात. पाय जरा जरी बाहेर वाकलेले असतील तर सगळा भार आतल्या बाजूवर पडतो, आणि याचा खड्डा आतल्याच बाजूला आहे. पायाची रेष वाकडी ठेवून वरून कितीही सुंदर अस्तर बसवलं तरी ते घासून जाणार, मग आधी किंवा त्याचवेळी रेष सरळ करायचं ऑपरेशन लागतं. त्याच एक्स-रेत वाढीच्या पट्ट्या, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या जागा, बंद झाल्यात का तेही दिसेल, मुलग्यांच्या साधारण 16-17 ला बंद होतात. आणि डॉक्टरांना हेही विचार की हा खड्डा नक्की दिवाळीच्या मारानेच झालाय का, की ओसीडी आहे. ओसीडी म्हणजे ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स, वाढत्या वयात अस्तराखालचा हाडाचा तुकडाच सैल होतो, आणि तो बहुतेक वेळा याच टोकावर होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे आईबाप हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: त्या वयात, वाढीच्या पट्ट्या उघड्या असताना, तुकडा जागेवर असेल तर निम्म्याहून जास्त मुलांचं नुसतं खेळ थांबवून सहा ते बारा महिन्यांत भरून येतं, लगेच ऑपरेशनला धावू नका. तुकडा सुटत असेल तर तो स्क्रूने परत बसवता येतो.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय ते. ऑपरेशन तास-दीड तासाचं असतं, दोन्ही सर्जन ते नीट करतील. मुलं मागे पडतात ती त्यानंतरच्या महिन्यांत, आणि तिथे तुझं घर, तुझा जिना, तुमची चाळ हे सगळं उपचाराचा भाग आहे, तू पत्राच्या शेवटी संकोचून लिहिलंस पण ते सगळ्यात वर लिहायला हवं होतं. मांडीच्या हाडाच्या टोकावर काम केलं की साधारण सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, मायक्रोफ्रॅक्चरला तर जवळजवळ टेकवायचाच असतो नुसता. ओट्सला काही सर्जन थोडा लवकर भार देऊ देतात. म्हणजे कुबड्या. तिसरा मजला, चाळीचा लाकडी जिना, त्यात पाऊस असेल तर पायऱ्या ओल्या. आणि कॉमन संडास, उकिडवं बसणं पूर्ण बंद.

म्हणून तारखेचं असं कर. आत्ता जुलै संपत आलाय, पुढे गणपती. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत धड माणूस गल्लीबाहेर पडू शकत नाही, टॅक्सी आत येत नाही, कुबड्यांवरचा मुलगा फिजिओला कसा नेणार? आणि मंडळाचा मुलगा आहे तो, खाली ढोल वाजायला लागल्यावर वर खाटेवर पडून राहील असं वाटत नाही. गुडघा लॉक होत नसेल तर विसर्जनानंतर ऑपरेशन ठेवायला हरकत नसावी, सर्जनला विचारून ठरव, पण अट एकच की तोपर्यंत मॅटवर पाऊल नाही. तो वेळही वाया जात नाही. सायकल, पोहणं, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम हे आत्ताच सुरू केलं तर ऑपरेशननंतर पाय कमी वाळतो. कुबड्यांवर जिना चढा-उतरायची प्रॅक्टिसही आत्ताच करून घे, चांगल्या पायाने चढायचं, दुखऱ्याने उतरायचं, फिजिओ एका सेशनमध्ये शिकवेल.

शक्य असेल तर पहिले सहा आठवडे त्याला तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या नातेवाइकाकडे ठेव, मावशी, काका, कुणी असेल. नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, पलंगाची उंची वाढवून घे, जमिनीवर मांडी घालून जेवायला बसणं बंद. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेव, चाळीत माणसं मदतीला येतात, फक्त वेळेवर सांगायला लाज वाटते आपल्याला. बारावीचे क्लास असतील तर तिथेही आधीच बोल, गर्दीच्या वेळची लोकल त्याला अजिबात नको, एक धक्का पुरतो.

आणि तो नुसता पडून राहणार असं समजू नकोस. कार्टिलेजला रक्त नाही म्हटलं ना, मग त्याचं पोषण होतं ते गुडघ्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आत-बाहेर फिरतं गुडघा हलला की. म्हणून भार द्यायचा नाही पण हलवायचा भरपूर. काही सर्जन त्यासाठी सीपीएम मशीन देतात, पाय ठेवला की मशीन आपोआप वाकवतं-सरळ करतं, रोज काही तास. नसेल मिळत तर पलंगावर टाच सरकवत शेकडो वेळा वाकवणं-सरळ करणं, ते कंटाळवाणं असतं आणि तिथेच मुलं सोडून देतात. इथे तुझी खरी गरज आहे, सर्जनच्या फीपेक्षा फिजिओच्या पैशांची तरतूद आधी कर असं मी म्हणते तेव्हा लोकांना विचित्र वाटतं, पण अर्धवट सोडलेली फिजिओथेरपी चांगल्या ऑपरेशनवर पाणी फिरवते.

खेळायला कधी? 'चार-पाच महिन्यांत' या आकड्याला धरून बसू नकोस. 2017 च्या त्याच हिशोबात मायक्रोफ्रॅक्चरनंतर परतायला सरासरी नऊ महिने लागलेत, ओट्सनंतर पाच-सव्वापाच. सरासरी म्हणजे काहींना जास्त. कबड्डीत नुसतं पळणं नाही, एका पायावर वळून मध्यरेषेकडे झेप घ्यायची आणि चार जण पायाला लटकलेत, त्यामुळे मी तरी त्याच्यासाठी आठ ते बारा महिने डोक्यात धरेन. आणि कॅलेंडर बघून सोडायचंच नाही. व्यायामानंतर सूज शून्य, गुडघा दुसऱ्याइतका वाकतो आणि सरळ होतो, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के, एका पायावरच्या उड्यांची टेस्ट दोन्ही पायांना जवळपास सारखी, एवढं जमलं की मग सरळ पळणं, मग वळणं, मग मॅटवर एकट्याने हालचाली, आणि सगळ्यात शेवटी पकड. कुठल्याही पायरीला सूज आली की एक पायरी मागे. हे कोचच्या हातात लिहून दे, म्हणजे 'आज एकच चढाई मार' होणार नाही.

पैशाचं. खाजगीत ठरवण्याआधी पूर्ण एस्टिमेट लेखी घे, त्यात साहित्य, भूल, खोली, फिजिओ सगळं धरून. पण तू लालबागला आहेस, केईएम तुझ्यापासून चालत जाण्याएवढं, सायन आणि नायरही लांब नाहीत. तिथल्या ऑर्थोपेडिक ओपीडीत केसपेपर काढून तिसरं मत घे, वेळ लागतो, रांग असते, पण तिथल्या डॉक्टरांना तुमच्याकडून ऑपरेशन मिळवायची गरज नसते, म्हणून त्यांचं मत घ्यायलाच हवं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचार, रेशनकार्ड आणि आधार घेऊनच जा. जाताना एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी किंवा फिल्म घे, सर्जनला चित्र बघायचं असतं.

आणि सर्जनला एवढं विचारून घे: आत दुर्बीण घातल्यावर खड्डा एमआरआयपेक्षा मोठा निघाला तर काय करणार? हे बरेचदा होतं, कडा साफ केल्या की आकार वाढतो. ओट्सला जागा पुरली नाही तर तिथल्या तिथे मायक्रोफ्रॅक्चर करणार का, की बाहेर येऊन तुम्हाला विचारणार? याचं उत्तर संमतीपत्रावर सही करायच्या आधी हवं. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता हेही विचार, संकोच करू नकोस.

भावाशी बोलताना त्याला तारीख देऊ नकोस, काम दे. हात आणि पोटाचा व्यायाम चालू राहील, मंडळाच्या मॅचचे व्हिडिओ बघून समोरच्या कोपरारक्षकाचा पाय कधी पडतो ते लिहायला लाव, चढाईपटूला ती नजर पुढे कामी येते. मंडळाला विचारून सरावाच्या वेळी त्याला खुर्ची टाकून बसू दे, गुण लिहू दे. घरात एकटा कोंडला गेला तर महिन्याभरात चिडचिडा होईल, व्यायाम टाळेल. ऑपरेशनचा निर्णयही त्याला समोर बसवून घे, 17 वर्षांचा आहे, गुडघा त्याचा आहे. कोचलाही एकदा सर्जनकडे घेऊन जा, तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल.

शेवटचं, हे फ्रिजवर चिकटवून ठेव. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पोटरी एकदम सुजली, दाबल्यावर दुखायला लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी किंवा पू यायला लागला तर फोन करत बसू नकोस, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच 108. स्कॅनोग्राम झाला की मला परत लिही, पायाची रेष काय आली ते बघून पुढचं सांगते.